गजभारेची टिचकी

किशन गजभारेच्या शर्टाचं वरून दुसरं बटण कधीच लावलेलं नसायचं. पुढे तो अव्वल कारकून झाला, नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाला, निरोपाच्या दिवशी त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं. शालीखालीही ते बटण उघडंच होतं. त्या समारंभात एका पुढाऱ्याने त्या उघड्या बटणाकडे हात करून ‘साधी राहणी’ यावर दहा मिनिटं भाषण केलं. राहणीचा आणि त्या बटणाचा काही संबंध नव्हता. एकेकाळी ते एका मुलीला श्वास घेता यावा म्हणून उघडं ठेवलेलं होतं, आणि पुढे ते लावायचं असतं हे त्याच्या हाताला परत कधी आठवलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना होता. नव्या जिल्ह्यात पाट्या आधी येतात, खुर्च्या नंतर, आणि माणसं सगळ्यात शेवटी. त्या शेवटच्या खेपेत नांदेडहून आम्ही चार-पाच कारकून पाठवले गेलो. नव्या जिल्ह्याच्या उभारणीत तुमचा हातभार लागणार आहे, असं निरोप देताना सांगण्यात आलं होतं. हातभार म्हणजे टेबलं उचलणं, हे पोचल्यावर कळलं. मला आस्थापना शाखा मिळाली, म्हणजे लोकांच्या रजा आणि बदल्या. गजभारेला टंचाई शाखा मिळाली, म्हणजे पाण्याचे टँकर. कोणत्या गावात किती माणसं, किती जनावरं, विहीर कधी आटली, टँकर किती दिवसांनी येतो, हे तो दिवसभर लिहीत असे.

आम्ही दोघं एकाच घरात भाड्याने राहत होतो. घर हसनमियाँ नद्दाफचं. तो कापूस पिंजून गाद्या भरायचा, आणि वजनात कापूस कमी देतो अशी गल्लीत त्याची ख्याती होती. त्याची बायको चाँदबी सगळ्या गल्लीला रागवायची आणि सगळ्या गल्लीला जेवायला वाढायची. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत गजभारे. त्याची बायको सुमन पहिल्या बाळंतपणाला बिलोलीला माहेरी गेलेली. मी रिकाम्या वेळात वाचत पडायचो म्हणून गजभारे मला ‘पुस्तकवाले’ म्हणायचा. “काय पुस्तकवाले, काय लिहिलंय त्याच्यात? पाऊस कवा येतो ते लिहिलंय का?”

त्याची सुमन सातव्या महिन्यातच बाळंत झाली. तार आली, त्यात तीनच गोष्टी होत्या: जुळ्या मुली, नांदेडचा दवाखाना, लवकर या. सातमासी लेकरू जगतं, आठमासी जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. निघताना त्याला ते निदान पाच जणांनी ऐकवलं. तो सहाव्याला म्हणाला, “लेकरांना म्हाईत हाय का हे?”

थोरली सव्वा किलोची होती. धाकटी तिच्याहून सात मिनिटांनी लहान आणि मूठभर हलकी. दवाखान्यात काचेची पेटी एकच मोकळी होती. दोघींना तिच्यात ठेवलं, एकीचे पाय दुसरीच्या डोक्याशी. गजभारे वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा राहायचा. तिथे एक म्हातारी सिस्टर होती, जाड भिंगांच्या चष्म्याची. तिने त्याला चार दिवस तसं उभं असलेलं पाहिलं. पाचव्या दिवशी म्हणाली, “लेकरं दोन, बाई एक. शर्ट काढा.”

तिने धाकटीला पेटीतून काढून त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, वरून मऊ पंचा बांधला आणि शर्ट परत चढवायला सांगितला. वरचं एक बटण लावा, दुसरं उघडं ठेवा, तिचं नाक तिथे येतं. थोरलीला सुमनच्या छातीवर बांधलं. मग एक गोष्ट शिकवली. ही धाकटी मधूनच श्वास घ्यायचं विसरते. विसरली की तळपायाला टिचकी मारायची. जोरात नाही, आठवण करून देण्यापुरती. ती पाय आत ओढून घेते, पाय ओढला की श्वास घेते.

“किती वेळा मारायची?” गजभारेने विचारलं.

“विसरेल तितक्या वेळा.”

दीड-दोन महिन्यांनी दवाखान्याने दोघींना सोडलं. सुमनला माहेरी ठेवायचं ठरत होतं, पण तिथे तिच्या एका चुलतीने बिब्बा तापवायला घेतला. पोटावर डाग दिले की कच्चं लेकरू धरतं, असं तिचं म्हणणं. गजभारेने बिब्बा उचलून उकिरड्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी बायको-पोरींना घेऊन लातूरच्या एस.टी.त बसला. एक मुलगी तिच्या पदराखाली, एक ह्याच्या शर्टात. कंडक्टरने दोनच तिकिटं फाडली. तिसरा-चौथा प्रवासी आहे हे त्याला उतरताना कळलं.

आता या दोघींना कोण सांभाळणार? सुमनला उठताना चक्कर यायची. एक मुलगी तिच्याजवळ राहू शकत होती, दोन नाही. गजभारेने रजेचा अर्ज केला. तो माझ्याच टेबलावरून साहेबांकडे गेला आणि तिथेच थांबला, कारण टंचाईच्या काळात टंचाई शाखेला रजा नव्हती. दुसरा अर्ज गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी गजभारे वेळेवर कामावर आला. खुर्चीत बसला, पेनला शाई भरली आणि लिहायला लागला. शर्ट पुढून फुगलेला होता आणि दुसऱ्या बटणाच्या फटीतून लोकरीच्या टोपीचं टोक दिसत होतं.

साहेब फेरीवर आले. साहेब तसे वाईट नव्हते. फक्त नव्या जिल्ह्याबरोबर आपणही नवे झालो आहोत असं त्यांना वाटत असे.

“गजभारे, शर्टात काय आहे?”

“मुलगी हाय, साहेब.”

साहेबांना पुढचा प्रश्न सुचायला थोडा वेळ लागला. “रजा का घेत नाही?”

“अर्ज तीनदा केलाय, साहेब. आपल्या टेबलावर हाय.”

साहेब म्हणाले, “झाकून बसा. लोक बघतात.” आणि पुढे गेले.

लोक बघायचेच. टंचाई शाखेत येणारा प्रत्येक सरपंच दारातूनच ओरडत येई. गावात घोटभर पाणी नाही, टँकर महिन्यात दोनदा, तोही अर्धा. टेबलाशी आला की त्याला टोपीचं टोक दिसायचं आणि आवाज खाली यायचा. अहमदपूरकडच्या एका म्हाताऱ्या सरपंचाने अर्धा तास कुजबुजत भांडण केलं. शिव्याही कुजबुजत दिल्या. गजभारेने सगळं लिहून घेतलं. मधूनच लिहिणारा हात थांबायचा, डावा हात शर्टाच्या खालून आत जायचा, टिक्, आणि हात परत बाहेर. समोरच्याला कळायचंही नाही. मला कळायचं, कारण त्या क्षणी गजभारेही श्वास रोखून बसलेला असायचा. आत पाय हलला की मग तो सोडायचा. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

ही टिचकी त्याच्या बोटात कायमची बसली. पुढे कचेरीत शिपाई डुलकी घेताना दिसला की हा त्याच्या तळपायाला टिचकी मारायचा. एकदा दौऱ्यावर मी दुपारी विश्रामगृहात आडवा झालो होतो. पायाला टिचकी बसून जागा झालो. समोर गजभारे.

“काय झालं?”

“काही न्हाई. लई शांत झोपला होतात.”

दर दोन तासांनी तो दूध पाजायला घरी जायचा. घर कचेरीच्या मागच्याच गल्लीत. दूध ओढायची ताकद दोघींत नव्हती. आईचं दूध वाटीत काढून चमच्याने थेंब थेंब सोडायचं. एकीचं होईपर्यंत तासभर, मग दुसरीचं, तोवर पहिलीची पुन्हा वेळ. आठवड्याभरात नवरा-बायको उभ्याने झोपायला लागले, आणि मग व्हायची ती चूक झाली. थोरलीला दोघांनीही पाजलं, धाकटीला कोणीच नाही. टोप्या सारख्या, तोंडं सारखी, आणि दोघांच्याही डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

त्यावर त्याने कचेरीतला उपाय काढला. शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवायचं आणि जिचं पाजून झालं तिच्या तळपायाला जांभळा ठिपका लावायचा. पुढच्या पाळीआधी पुसायचा. चूक परत झाली नाही. मात्र गल्लीतल्या बायकांनी तो ठिपका पाहिला. नजर लागू नये म्हणून ही बुद्धाची माणसं तीट गालाला न लावता तळव्याला लावतात आणि तीही जांभळी, असं त्यांनी ठरवून टाकलं. महिन्याभरात गल्लीतल्या तीन धडधाकट पोरांच्या तळव्यांवर सरकारी शाई दिसायला लागली. गजभारेच्या बापाने छप्पन साली घरातले सगळे देव नदीत सोडले होते. आणि त्याच्या घरातून आता एक नवीन नजरेचा उतारा निघाला होता. तो दारोदार समजावत फिरला. बायका म्हणाल्या, “हाव की. पण लावल्याने काय बिघडतं?”

वजनाचा मात्र खरा प्रश्न होता. म्हाताऱ्या सिस्टरने निघताना बजावलं होतं: दर आठवड्याला वजन करा. वाढत असलं तर जगतील. घटलं तर एक दिवस थांबू नका, इकडे आणा. तर रविवारी सकाळी हसनमियाँच्या कापसाच्या तराजूत वजन व्हायचं. पारड्यात पिंजलेल्या कापसाची गादी, तिच्यावर आधी थोरली, मग धाकटी. चाँदबी दारातून ओरडायची, “जान को नक्को तोलो जी, तोलनेकी चीज हय क्या वो?” हसनमियाँ एक डोळा मिटून काट्याकडे बघायचा आणि आकडा सांगायचा. गजभारे तो आकडा ऐकून मान हलवायचा आणि उरलेला रविवार झोपायचा. त्या आकड्यावर तो पुढचा आठवडा काढत होता.

मुलींची नावं ठेवली नव्हती. बारसं दवाखान्यातच टळून गेलं होतं. कोणी म्हणे दगडी-धोंडी ठेवा, म्हणजे यम ढुंकून बघत नाही. गजभारे म्हणायचा, “नाव मागून. आधी दोन किलो.”

थोरली दोन किलोंच्या जवळ आली. धाकटी हळूहळू वाढत होती. निदान हसनमियाँ तसं सांगत होता.

मग कचेरीच्या नव्या इमारतीच्या कोनशिलेचा दिवस उजाडला. मंत्री येणार होते. आठ दिवस आधीपासून कचेरीत दुसरं काम नव्हतं. माझ्याकडे हारांची जबाबदारी होती. कोणाला झेंडूचा, कोणाला गुलाबाचा, याची टिपणी साहेबांनी स्वतः तपासली होती. जिल्ह्यातल्या जीपगाड्या ताफ्यात लागल्या, एस.टी. गाड्या गर्दी आणायला गेल्या. मैदानावर धूळ उडू नये म्हणून तीन टँकर पाणी मारत होते. ते पाणी जमिनीत जाताना बघायला आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांना मागे हटवण्यासाठी एक पोलीस ठेवला होता.

त्या दिवशी सकाळी धाकटी गार पडली. चमचा तोंडाला लावला तर दूध कडेने ओघळून येत होतं. गजभारे तिला घेऊन जवळच्या डॉक्टरकडे धावला. डॉक्टरने तिला आपल्या काट्यावर ठेवलं आणि विचारलं, “नांदेडहून आणली तेव्हा किती होती?” गजभारेने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “त्याहून कमी आहे.” काचेची पेटी इथे नाही, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या.

मी हार घेऊन उभा होतो तिथे तो आला. साहेबांजवळ गेला. एक जीप मागितली. साहेबांनी शर्टाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, “मंत्रिमहोदय गेल्यावर बघू. तासाभराचा प्रश्न आहे.” मंत्री अजून आलेही नव्हते. मी तिथेच होतो. माझ्या दोन्ही हातांत हार होते, आणि मी ते खाली ठेवले नाहीत.

गजभारे परत फिरला आणि पाणी भरायच्या जागेवर गेला. तीन टँकर मैदानावर, चौथा चाकूरजवळच्या एका वाडीसाठी भरून निघत होता. त्याच्यावर लिंबाजी ड्रायव्हर. गजभारे त्याच्या शेजारी चढून बसला आणि गाडी नांदेडला घ्यायला सांगितली. त्या वाडीचा अर्ज गजभारेनेच लिहून घेतला होता. पुढचं मला लिंबाजीने सांगितलं. गजभारे त्याबद्दल कधी बोलला नाही.

भरला टँकर म्हणजे बैलगाडी. सपाटीवर कसाबसा पळतो, चढावर रांगतो. चाकूर आल्यावर लिंबाजी म्हणाला, “साहेब, वाडीला वळून खाली करू का?”

“किती वेळ?”

“विहिरीत सोडायला, येऊन-जाऊन, दीड तास तरी.”

“नगं.”

“मग हितंच रस्त्यावर कॉक उघडतो. पाच मिन्टांत हलका होतो. दुपारच्या आत नांदेड.”

लिंबाजीने गाडी बाजूला घेतली आणि उतरायला लागला. तेव्हा गजभारे म्हणाला, “नगं. चल तसाच.”

अहमदपूरच्या चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये आली. मागे पाणी डुचमळत होतं, त्याचा धक्का पाठीला बसायचा. टिक्. थोडं पुढे गेलं की परत टिक्. लिंबाजी सांगायचा, “मला गाडीचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त ती टिचकी ऐकू येत होती.” लोहा सोडल्यावर एकदा टिचकी वाजली, परत वाजली, तिसऱ्यांदा वाजली. पाय हलला नाही. लिंबाजीने ब्रेक मारला. “साहेब, आता तरी उघडू का?” गजभारेचा हात दाराच्या कडीवर गेला. तो कडीवर तसाच राहिला. दुसऱ्या हाताने त्याने चौथी टिचकी मारली. मग म्हणाला, “ओढला. चल.”

संध्याकाळच्या आधी ते पोचले. त्याच सिस्टरने मुलगी हातात घेतली आणि पेटीत ठेवली. लिंबाजी रात्रभर थांबून भरला टँकर घेऊन परत निघाला आणि दुसऱ्या दिवशी वाडीच्या विहिरीत सगळं पाणी सोडलं. थेंबही सांडला नव्हता.

धाकटी महिनाभर पेटीत होती. या वेळी रजा मिळाली, कारण आता मंत्री नव्हते. सुमन थोरलीला घेऊन लातुरात होती, चाँदबी तिच्या उशाशी. टँकरची हकिगत तिला लिंबाजीकडूनच कळली. गजभारे धाकटीला घेऊन परत आला त्या दिवशी मी पुढच्या खोलीत होतो. आमच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती, तिच्यातून सगळं ऐकू यायचं.

“लेकरू मरून राहिलं होतं,” सुमन म्हणाली, “अन् तुमी पानी राखलाव.”

मग गजभारेचा आवाज आला. “रोज लिहून राहिलो ना मी ते. माणसं किती, ढोरं किती, किती दिवस झाले पाणी न्हाई. मला सांडता आलं न्हाई, सुमन.”

“मेली असती तर?”

भिंतीपलीकडून टिचकीचा आवाज आला. टिक्.

सुमनने तो विषय नंतर पुष्कळ वर्षं काढला नाही. फक्त भांडण झालं की ती त्याला ‘टँकरवाले’ म्हणायची. त्या हाकेला तो कधी उलट बोलला नाही.

हसनमियाँचा हिशेब बाकी होता. गजभारे अंगणात गेला, तराजूसमोर उभा राहिला.

“मियाँ, किती दिवस झालं हे?”

हसनमियाँ खाली बघत म्हणाला, “तीन इतवार.”

“कायकू?”

“तुमारी सूरत देखी नइ जाती थी, साब. बोल्या, थोडा सुकून से सोएंगे. कापूस कम दिया जिंदगीभर, बच्ची को थोडा जास्ती बोल दिया.”

चाँदबीने आतून नवऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. आठ दिवस गजभारे त्या अंगणातून मान खाली घालून जायचा. रविवार आला तेव्हा धाकटीला घेऊन परत तराजूपाशी आला. “आता खरं सांगायचं. कमी असलं तर कमी.”

हसनमियाँने एक डोळा मिटला. “कम हय, साब. पाव छटाक.”

“बरं,” गजभारे म्हणाला, आणि त्या दिवशी झोपला नाही.

पुढे तीन महिन्यांनी त्याच पारड्यात धाकटी दोन किलो झाली. हसनमियाँने काट्यावरचे हात उचलून दूर धरले, सगळ्यांना दिसतील असे. नावं तिथेच ठेवली: थोरली प्रज्ञा, धाकटी करुणा. पेढे नव्हते, चाँदबीने गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला.

त्याआधीच्या एका रविवारी गजभारे मला म्हणाला, “पुस्तकवाले, चला जरा वाडीवर.” वाडीवर काय आहे, मी विचारलं. तो म्हणाला, “सांगायचं राहिलंय.” दुपारच्या उन्हात फाट्यावर उतरून आम्ही तीन-चार मैल चालत गेलो. विहिरीवर बायका घागरी लावून बसलेल्या. गजभारेने त्यांना सांगितलं, की अमुक दिवशी तुमचा टँकर आला नाही तो माझ्यामुळे. माझी मुलगी आजारी होती, मी तो नांदेडला नेला. पाणी दुसऱ्या दिवशी आलं, पण एक दिवस तुमचा गेला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, “एक दिवस? बाबा, पंधरा दिसाला एकदा येतो त्यो. एक दिस इकडं-तिकडं कोन बगतंय?” मग तिने विचारलं, “पोरगी हाय का?”

“हाय.”

“मग बस की सावलीला. उभा कशाला?” तिने तांब्या भरून त्याच्या हातात दिला. त्या गावात पाण्याचा तांब्या पाहुण्याला देणं म्हणजे काय, हे गजभारेइतकं जिल्ह्यात कोणाला माहीत नव्हतं. त्याने तो एका दमात रिकामा केला. मला घोटही ठेवला नाही. निघताना म्हातारी मागून म्हणाली, “अन् पुढल्या बारीला येळेवर धाड.”

कचेरीतून त्याला नोटीस मिळाली: शासकीय टँकरचा खाजगी कामासाठी वापर, खुलासा करावा. त्याचा खुलासा माझ्याच हातून फाइलला लागला. ‘टँकरमधील सर्व पाणी संबंधित गावास पोचले. पोचण्यास एक दिवस उशीर झाला. उशिराचे कारण माझ्या शर्टात होते.’ साहेबांनी खाली शेरा मारला, समज देण्यात यावी. तीन टँकर पाणी मैदानावर पडलं त्याची नोटीस कोणाला निघाली नाही. ते शासकीय काम होतं. कोनशिला अजून आहे. तिच्यावरची नावं आता वाचता येत नाहीत.

पुढची वर्षं मी फार जवळून पाहिली नाहीत. गजभारेची नांदेडला बदली झाली, माझीही काही वर्षांनी झाली. दोघी मुली उशिरा बसल्या, उशिरा चालल्या. प्रज्ञा निभावली. करुणाला शाळेत जायच्या आधी जाड चष्मा लागला आणि दर हिवाळ्यात छाती भरायची. त्या काळात भेटला की गजभारेचे डोळे लाल असायचे. तब्येत कशी आहे म्हटलं तर तो मुलींची तब्येत सांगायचा. स्वतःची वेगळी तब्येत असते हे तो विसरून गेला होता. “थकलाव तुम्ही,” मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, “थकून काय करता? आधी दोघींना मार्गी लावतो अन् मग थकतो.” कोणी त्याला थोर बाप वगैरे म्हणालं की तो चहा अर्धा सोडून उठायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याला शेवटचं पाहिलं. सुमन दोन वर्षांपूर्वी गेली. प्रज्ञा अर्धापूरला सासरी. करुणा उमरीला शाळेत शिकवते, सुट्टी लागली की बापाजवळ येऊन राहते. दुपारची वेळ होती. गजभारे ओसरीतल्या बाजेवर पडला होता, पाय माझ्या बाजूला. हृदय दमलंय, झोपेत श्वास मधेच थांबतो, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं करुणा म्हणाली. आवाज तिचा लहानपणापासून घोगरा आहे. ती बाजेच्या पायथ्याशी बसून वह्या तपासत होती आणि शाळेतली नवी इमारत, तिच्या उद्घाटनाला कोण येणार, मुलांना किती तास उन्हात उभं करणार, हे मला सांगत होती.

गजभारेची छाती वर-खाली होत होती. शर्टाचं दुसरं बटण उघडं होतं. बोलता बोलता ती छाती खाली गेली आणि वर आली नाही. मी खुर्चीतून पुढे झुकलो. करुणाने वहीवरून नजर काढली नाही. “मुलं तरी काय, उन्हातच वाढतात,” असं ती म्हणत होती. तिचा डावा हात बाजेवर गेला. टिक्.

काही झालं नाही. तिने वही मिटली. परत टिक्. मग तिसऱ्यांदा.

गजभारेने पाय आत ओढून घेतला.